हायरूलच्या वाटण्या

'द लेजंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेमची गोष्ट नेमकी काय, असं मला विचारू नका. विचारलीत तर चहाचं आधण ठेवूनच बसा. 1986 पासून निन्टेंडो ही एकच गोष्ट सांगत आलं आहे: शूर लिंक, राजकन्या झेल्डा, दुष्ट गॅनन आणि हायरूल नावाचं राज्य. मात्र बहुतेक खेळांत लिंक वेगळा, झेल्डा वेगळी, काळही वेगळा. मग कोण कोणाच्या आधीचं, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं डोकी फोडून घेतली.

अखेर 2011 साली 'हायरूल हिस्टोरिया' या पुस्तकात कंपनीने अधिकृत कालक्रम छापला. बघतो तर 1998 च्या 'ओकारिना ऑफ टाइम'पाशी इतिहासाच्या तीन वाटण्या झालेल्या! एकीत लिंक जिंकून आपल्या बालपणात परततो. दुसरीत त्याने मागे सोडलेलं जग त्याच्याविना पुढे चालतं. आणि तिसरीत तो शेवटच्या लढाईत हरतोच. गंमत म्हणजे 1986 चा मूळ खेळ याच तिसऱ्या वाटणीत पडतो. म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या खेळातला नायक हरला, तरच तो घडणार. भाऊबंदकीत असेच तोडगे निघतात. मोजणी राहू दे, प्रत्येकाला एकेक तुकडा द्या आणि तंटा मिटवा.

याचा मला राग नाही. ही मंडळी आधी खेळायचं कसं ते ठरवतात आणि गोष्ट मागाहून बेततात, हे काही गुपित नाही. दहा हजार वर्षांपूर्वीच्या दंतकथेचे सांधे थोडे ढिले असायचेच.

डोकं फिरतं ते कालपरवाच्या विसराळूपणाने. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये हातेनो गावात एक घर पाडायला काढलेलं असतं. ठेकेदार आधी पन्नास हजार रुपी मागतो, मग तीन हजारांवर आणि लाकडाच्या तीस मोळ्यांवर येतो. मोळ्या लिंक आणतो म्हणायचं. झाडं माझ्या अंगठ्यांनी तोडली. 2023 ला 'टिअर्स ऑफ द किंगडम' आला. तोच लिंक, तीच झेल्डा, मध्ये गेली ती थोडीच वर्षं. धावत हातेनोला गेलो, तर सारा गाव त्या घराला झेल्डाचं घर म्हणतो! नमुना आठवर परस्पर नाव चढलेलं. मागच्या खेळातले डोंगराएवढे चार यंत्रपशूही गायब. त्या खेळातला प्रलय शमल्यावर ते आपोआप नाहीसे झाले, असं निर्मात्यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं. डोंगराएवढं जनावर नाहीसं होतं आणि गावच्या पारावर त्याची साधी चर्चा नाही?

त्यातून हा खेळ मोकळा. चार प्रदेशांतली चार मंदिरं हवी त्या क्रमाने जिंका. पण तुम्ही आधी कुठे गेलात हे खेळाला ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक मंदिराच्या शेवटी एक पूर्वज प्रकट होतो आणि प्राचीन युद्धाची तीच हकिगत पहिल्यापासून ऐकवतो. चौथ्या वेळेपर्यंत मला ती पाठ झाली होती. लिंक मात्र तितक्याच अदबीने ऐकतो. घरच्या वडीलधाऱ्यांनी हा मुलगा बघायला हवा.

सगळ्यात कहर पुढेच. झेल्डा भूतकाळात जाऊन ड्रॅगन झाली आहे आणि रोज आपल्या डोक्यावरून उडते आहे, हे तुम्ही चिकाटीने हिंडलात तर फार लवकर कळतं. त्यानंतरही जो तो राजकन्या इथे दिसली, तिथे दिसली म्हणून सांगत राहतो आणि लिंक निमूट त्या दिशेला निघतो. अरे, वर बघायला सांग की त्यांना! मी पडद्यासमोर ओरडतो. पण तो पहिल्यापासूनच अबोल, आणि मला जी बटणं दिली आहेत त्यांत तलवार आहे, उडी आहे, धनुष्य आहे. चारचौघांत तोंड उघडायचं एकही नाही.