सूर्यास्त, सात-बाऱ्यासकट

पूर्वी चार पैसे साठले की मराठी माणूस एफडी करायचा आणि निवांत झोपायचा. आता तो पवना धरणाच्या काठी कॅम्पसाइट घेतो. झोपायचं काम गिऱ्हाइकांकडे.

आमच्या सोसायटीतल्या एका मॅनेजरसाहेबांनी परवा हा बेत जाहीर केला. एक्सेलमध्ये हिशेब तयार होता: चाळीस तंबू, माणशी बाराशे, शनिवार-रविवार फुल्ल. सोमवार ते शुक्रवार एक्सेलमध्ये नव्हतेच. जून ते सप्टेंबर होते, पण ‘मान्सून एक्सपीरियन्स’ या नावाने. मावळातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तो एक्सपीरियन्स आधी तंबूला येतो, मग गादीला.

पहिली अडचण कूळकायद्याची. 1948 सालच्या या कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. साहेबांनी ताबडतोब आजोबा शोधले. ज्यांचा घरात फोटोसुद्धा नव्हता, त्यांच्या नावावर साताऱ्याकडे पाऊण एकर निघाली. वारसनोंद झाली आणि आयटीतले साहेब एका दुपारी भूमिपुत्र झाले.

मग एजंटाने जागा दाखवली. इकडे तुंग, तिकडे तिकोना, मधे पाणी, वर मावळतीचा सूर्य. चौघांचेही पैसे दरात धरलेले. सात-बाऱ्यावर मात्र नुसता खडकाळ उतार. पाण्यालगतची पट्टी जलसंपदा खात्याची. तंबू तिथेच लागणार, कारण गिऱ्हाइकाला पाय पाण्यात हवे असतात.

आणि पाणी? धंद्याचा मोसम नोव्हेंबर ते मे, नेमकं तेव्हाच धरण उतरत जातं. पिंपरी-चिंचवडकर रोज सकाळी नळ सोडून साहेबांचा व्ह्यू थोडा थोडा पितात. मे महिन्यात ‘लेक-टच’ तंबूतून लेकला टच करायचं तर गाळ तुडवत जावं लागतं.

हेच पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहरात न्यायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला, तिघे गेले. धरणाखाली जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण त्याहून जुनं. एजंटाच्या माहितीपत्रकात यातलं एवढंच आलंय: ‘शांत परिसर.’

“पण निसर्ग म्हणून देणार काय?” मी विचारलं.

साहेबांनी यादी वाचली. संध्याकाळी चहा-भजी, बार्बेक्यूचे मोजून चार तुकडे, जेवण अनलिमिटेड, शेकोटी, स्पीकर, झाडांना एलईडीच्या माळा, त्या पेटाव्यात म्हणून जनरेटर, सकाळी पोहे.

“काजवे?”

“ते भंडारदऱ्याला. सीझन फार छोटा हो त्यांचा, परवडत नाहीत.”

साहेब स्वतः तिकडे राहणार नाहीत, हे ओघानं आलंच. इन्कम पॅसिव्ह हवं ना! ते बाणेरच्या फ्लॅटमधून मोबाइलवर कॅमेरे बघणार. मग तंबू ठोकायचे कुणी, रात्री अडीच वाजता स्पीकर बंद करा म्हणून गिऱ्हाइकाशी हुज्जत कुणी घालायची, सकाळी संडास कुणी धुवायचे?

“गावातली पोरं आहेत ना. धरणात जमिनी गेलेल्या घरांतली,” साहेब म्हणाले. “त्यांना जागेची माहिती चांगली असते.”