नानांची डीसी मोटार

माझगावात ट्रेडमिल विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. भंडारवाड्याच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा बागेपर्यंत चढून गेलं की फुकट घाम येतो. पण वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घेतली, वर्षभर तिच्यावर टॉवेल वाळवले आणि शेवटी दारूखान्यातल्या भंगारवाल्याला बोलावलं. तो जिना चढायच्या आत नानांनी तिची मोटार काढून घेतली.

नाना माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले मिलिंगवाले. १९७२ साली डॉकची ‘नीलगिरी’ युद्धनौका नौदलात गेली तेव्हा ते नोकरीला लागलेही नव्हते, पण सांगतात असं की जणू ती यांनीच पाण्यात ढकलली. घरातल्या त्यांच्या छोट्या मिलिंग मशीनची मोटार एकाच वेगाची. दहा मिलिमीटरच्या कटरला स्टीलवर मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे पुरतात, ॲल्युमिनियमला तिप्पट लागतात. म्हणजे धातू बदलला की झाकण उघडा, पट्टा ढिला करा, दुसऱ्या पुलीवर चढवा, पुन्हा ताणा.

“डीसीला व्होल्टेज कमी केलं की वेग कमी,” नाना म्हणाले. “१९२५ साली बोरीबंदर-कुर्ला पहिली विजेची गाडी आपल्याच हार्बरवरून गेली, पंधराशे व्होल्ट डीसीवर. २०१६ पर्यंत डॉकयार्ड रोडला डीसीच होती. तुम्ही नुसती गर्दी बघितलीत.”

ट्रेडमिलची मोटार एकशेऐंशी व्होल्टची. तिच्या फ्लायव्हीलचे आटे उलटे, त्यामुळे भलत्या दिशेला फिरवली तर तेच सुटून येईल. वेग बदलणाऱ्या कंट्रोलरचं सर्किट थेट लाइनवर, म्हणून बटण प्लास्टिकचं आणि अर्थिंग पक्कं. धातूचा कीस आत जाऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी हवी होती. त्याच दिवशी नानींचा तुपाचा डबा दिसेनासा झाला.

पट्टा मात्र नानांनी ठेवला. वेग निम्मा केला की मोटारीची पॉवरही निम्मीच मिळते. जाड कापायचं तर पुलीच कामाला येते.

“म्हणजे एवढं करून पट्टा आहेच?” नानींनी विचारलं.

“आहे.”

“बरं, माझ्या पुरणयंत्राचा दांडा नीट बसत नाही, तेवढा करून द्या.”

“त्याला मिलिंग कशाला? कानस पुरे.”

“मग हे सगळं कशाला? आणि माझा डबा…”

नानांनी बटण फिरवून वेग वाढवला. टेबलावर स्टीलचा ठोकळा होता, वेग वाढवायचं तसं काही कारण नव्हतं.