हातचा एक

दुसरीतल्या एका मुलीचा अभ्यास घ्यायला आमच्याकडे जेवढी माणसं मोकळी असतील तेवढी लागतात. नात जळगावला, मराठी शाळेत. तिचे वडील, म्हणजे आमचे जावईबापू, इंजिनिअर. विहीणबाई पारोळ्याकडच्या, घरात अहिराणीशिवाय बोलत नाहीत. आणि मी धुळ्याचा, देवपुरातला, नोकरीभर दुसऱ्यांच्या बेरजांवर लाल टिकमार्क करत आलेला. दुसरीची वजाबाकी म्हणजे आपल्यापुढे किस झाड की पत्ती, अशा थाटात मी वहीसमोर बसतो.

बावन्न वजा सत्तावीस. मी एका दमात म्हणालो, "दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, पाच. हातचा एक. दोन नि एक तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस."

नातीनं वहीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "आबा, त्या दोनाचे तीन काब्रं केले? त्यानं काय केलं होतं?"

आता आली पंचाईत. साठ वर्षं हा हातचा मी बिनबोभाट वापरत आलोय, त्याची कुणी चौकशी केली नव्हती. तेवढ्यात जावईबापू सरसावले. "अहो बाबा, तशी पद्धत गेली आता. पाच दशकांतला एक दशक सुटा करायचा. पाचाचे चार. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन."

"उत्तर तेच आलं ना?"

"उत्तराचा प्रश्न नाही बाबा. संकल्पनेचा आहे."

हिशेबाच्या घरात संकल्पना शिरली की चहा गार होतो, तसा झाला. वास्तविक दोन्ही पद्धती खऱ्या. आमच्या पद्धतीत वरच्या संख्येत दहा सुटे मिळवायचे आणि त्याची फेड म्हणून खालच्या संख्येत एक दशक. दोन्हीकडे सारखंच वाढलं, तर फरक कसा बदलेल? पण हे मला आमच्या गुरुजींनी सांगितलं नव्हतं, त्यांच्या छडीनं सांगितलं होतं, आणि छडी कारणं देत नाही. तरीही मी जावईबापूंना ऐकवलंच की आमची पद्धत सचोटीची. घेतलेला हातचा खालच्या ओळीत का होईना, आम्ही परत करत होतो. तुमच्या पद्धतीत शेजाऱ्याचे पाचाचे चार केले की विषय संपला. कापसाच्या मुलखातल्या पोरांना कर्जमाफी वेगळी समजावून द्यावी लागत नाही, म्हणून तुमची पद्धत इकडे रुजली असेल.

वाद रंगात आला तेव्हा नातीनं शाळेतल्या बाईंनी दिलेले काड्यांचे गठ्ठे काढले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, सत्तावीस काड्या बाजूला केल्या, उरलेल्या मोजल्या, पंचवीस लिहिलं आणि झोक्यावर जाऊन बसली. आम्ही दोघं अर्धा तास आणखी वजाबाकी करत होतो.

'असर' नावाची एक पाहणी असते. 'प्रथम' संस्थेची माणसं 2005 पासून खेडोपाडी घरोघर जातात, मुलांपुढे एक कागद ठेवतात. वाचनासाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितासाठी अंक ओळखणं, मग अशीच हातच्याची दोन अंकी वजाबाकी, मग भागाकार. अहवाल आला की पेपरवाले मुलांच्या नावानं गळा काढतात. त्या कागदाच्या पाठीमागे एक ओळ घरातल्या मोठ्यांसाठीही छापावी असं मला वाटतं: हीच वजाबाकी मुलाला, आवाज न चढवता, समजावून सांगा. मग कुठला जिल्हा कुठे येतो ते बघू.

पुढचं प्रकरण संख्यावाचनाचं. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून महाराष्ट्र पेटला होता, आठवत असेल. एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन'. जुनी नावं कुणी काढून घेतली नव्हती, पण एवढं वाचायला वेळ कुणाला होता? मराठी बुडाली म्हणून जो तो छाती पिटू लागला. अजितदादांनी तर विधानसभेत, मग फडणवीसांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, असा सवाल टाकला, आणि गणिताच्या पुस्तकावर सभागृह हसलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मात्र शांतपणे सांगत होत्या की मूल 'त्रेसष्ट' ऐकतं तेव्हा तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी लिहायचा असतो, वर जोडाक्षराची अडचण.

मी तेव्हा अर्थातच छाती पिटणाऱ्यांत होतो. नात दुसरीत गेल्यावर मात्र मी आपल्या संख्यांकडे जरा निवांत पाहिलं. एकोणऐंशी म्हणायला आधी ऐंशीपर्यंत जायचं आणि एक पायरी उतरायची. एकोणनव्वदही तसंच. या हिशेबानं शंभराच्या आधी 'एकोणशंभर' हवं, तर तिथे नव्याण्णव! एवढा दगाफटका तर आमच्या महापालिकेच्या राजकारणातही पाहिला नाही. नॉर्वे देशात हाच घोळ होता. तिकडेही एकक आधी बोलत आणि फोनचे नंबर चुकत. त्यांच्या संसदेनं ठराव करून 1951 पासून दशक आधी बोलायला लावलं. त्यानंतरही म्हातारी मंडळी वर्षानुवर्षं जुनंच बोलत राहिली. हे वाचून मला नॉर्वेबद्दल आपुलकी वाटायला लागली.

आमच्या घरात तर तिसरीच पद्धत निघाली. विहीणबाईंच्या आई, नातीच्या पणजी, शाळेची पायरी न चढलेल्या. त्या विसाविसानं मोजतात. पापडांची चवड मोजून म्हणाल्या, "तीन इसा नि पाच." मी म्हटलं पासष्ट. नात म्हणाली, साठ पाच. पापड तेवढेच होते. नातीनं पणजीशेजारी बसून चार इसा, पाच इसा करत शंभर गाठलं तेव्हा मी तिला सांगितलं की फ्रान्समधले लोकही ऐंशीला 'चार विसा' म्हणतात. त्यावर पणजी म्हणाल्या, "मंग त्या शिकेल दिखतस." शिकलेले दिसतात, असा फ्रान्सला दाखला मिळाला.

गणित वहीबाहेर आलं की पोरांना बरोबर येतं, हे खानदेशात आखाजीला कुणीही पाहावं. पोरी झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर, आणि पत्त्यांच्या डावाभोवती उभी असलेली पोरं कुणाकडे किती आले-गेले ते तोंडी सांगत असतात. शाळेत याच पोरांच्या प्रगतिपुस्तकावर 'बेरजेचा सराव आवश्यक' असा शेरा असतो. (पत्त्यांची शिफारस मी करत नाही. आमच्या सौभाग्यवती हे वाचणार आहेत.)

मला पटलेला गणिताचा तास मात्र एसटीत झाला. धुळ्याहून जळगावला आम्ही तिघं निघालो. मी पासष्टीच्या पुढचा, मला अर्धं तिकीट. आमची ही, तिला मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना आहे तसं अर्धं. नात सात वर्षांची, तिचं पहिल्यापासून अर्धं. कंडक्टरनं मशीनमधून कागद फाडून दिला. नात बोटं मोजत बसली. पारोळ्याच्या अलीकडे म्हणाली, "अर्धा नि अर्धा एक. नि अर्धा दीड. आबा, आपण तिघं मिळून दीडच माणूस आहे!"

कंडक्टर वळून हसला. ती थांबणार थोडीच. "मग जागा तीन काब्रं दिल्या?" त्यानं महामंडळाच्या वतीनं मौन पाळलं. जरा वेळानं पुन्हा: "आणि पणजीला आणलं असतं तर?" पणजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना फुकट. "तरी दीडच!" शून्य मिळवलं तर संख्या बदलत नाही, हे पुस्तकातलं वाक्य पणजीमुळे तिला असं कायमचं समजलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण दीड हा शब्द ऐकला की माझ्या पिढीच्या माणसाला दिडकी आठवते. एक दिडे दीड, दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार. मग पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी. औट म्हणजे साडेतीन, हे तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून मी औटकी सुरू केली. एरंडोल येईपर्यंत ती झोपली. पुढच्या बाकावरचे एक म्हातारबुवा तेवढे मान हलवून साथ देत होते.

वाचनाचं म्हणाल तर आमच्या मदतीची एकच तऱ्हा: शुद्धलेखन. आम्ही सांगायचं, तिनं लिहायचं, मग आम्ही लाल पेन घेऊन तुटून पडायचं. ती घरात आजीकडून 'माले' शिकते, शाळेत 'मला' लिहावं लागतं. 'आठे' म्हणते, 'इथे' लिहिते. म्हणजे ती दोन भाषा चालवते आणि आम्ही तिला एका भाषेचे मार्क देतो. तिच्या बाईंनी एक दिवस निरोप धाडला: घरी उलटं करा. मुलीला सांगू दे, तुम्ही लिहा, मग तिला तेच वाचू दे.

मला हे फारच थिल्लर वाटलं. मग ध्यानात आलं की आपल्या खानदेशाची दोन मोठी पुस्तकं अशीच तर झाली. एक धुळ्याच्या तुरुंगातलं: तिथे 21 फेब्रुवारी 1932 पासून अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतलं. अमळनेरच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस कैद्यांमध्ये मांडी घालून दुसऱ्याचं श्रुतलेखन करत होता! दुसरं आसोद्याच्या बहिणाबाईंचं. अक्षर ठाऊक नाही, जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या. लिहून ठेवल्या मुलानं, सोपानदेवांनी. त्या गेल्यानंतर, 1952 मध्ये पुस्तक निघालं, आणि जळगावच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. सोपानदेव स्वतः कवी. आईच्या ओळीत सुधारणा सुचवायची उबळ त्यांना किती आली असेल, आणि ती त्यांनी कशी गिळली असेल!

ती उबळ आमच्या जावईबापूंना आवरत नाही. त्या संध्याकाळी ते लिहायला बसले. नातीनं गोष्ट सांगितली: रावेरहून केळीचा ट्रक निघाला. वर माकड बसलं. ट्रकवाला म्हणे, उतर. माकड म्हणे, काब्रं?

जावईबापूंनी सुवाच्य अक्षरात लिहून वही तिच्यापुढे सरकवली. ती एकेका शब्दाखाली बोट ठेवत चालली. एरवी शब्दाचं पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देणारी मुलगी शेवटच्या ओळीवर अडली. पुन्हा मागे गेली. पुन्हा वाचलं. "माकड म्हणाले, का बरे?"

"पप्पा, माकड असं नाही बोललं."

"अगं, लिहिताना तसंच लिहायचं असतं."

"मी काय सांगितलं होतं?"

स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला, "माकड आठलं शे, पुनानं नही."

नातीनं आमच्या हातातलं लाल पेन घेतलं, ओळीवर रेघ मारली आणि वडिलांना 'काब्रं' पाच वेळा लिहायला बसवलं. त्यांनी लिहिलं. चौथ्या वेळी वरचं टिंब द्यायचं राहिलं. ते तिनं स्वतः दिलं, अर्धा मार्क कापला आणि खाली लिहिलं: पाचापैकी साडेचार. साडेचार म्हणजे औट नि एक, असं मी सांगणार होतो. पण पेन अजून तिच्याकडेच होतं.