तुलनाशेठ

डहाणू-तलासरीकडे चिकूची वाडी असलेल्या माणसाला शेठ म्हणायची रीत आहे. वाडी दहा झाडांची असली तरी चालते. आमच्या या शेठांना मात्र सगळे तुलनाशेठ म्हणतात. क्रिप्टोची एक्सचेंजेस एकमेकांशी ताडून पाहणे हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. ही जात हल्ली सगळीकडे फोफावली आहे. डहाणू रोड स्टेशनबाहेर एक सापडतो, तलासरी नाक्यावर एक, आणि सकाळच्या लोकलमध्ये तर डब्यागणिक एक. अर्थात वाढवण बंदर सोडून दुसरा विषय काढणारा माणूस सध्या डहाणूत दुर्मीळच, त्यामुळे लोक ऐकूनही घेतात.

खिशात दोन फोन. एकावर कॉइनडीसीएक्स, कॉइनस्विच, झेबपे, मुड्रेक्स अशी रांग. दुसरा पहिल्यावरचे भाव पडताळायला. चहा येईपर्यंत बिटकॉइन चार ठिकाणी चार भावांना आहे हे ते सिद्ध करतात. चहाचे पैसे आपण देतो. एकदा आच्छाडच्या पुढे गेल्यावर फोनवर गुजरातचं नेटवर्क आलं, तर राज्य बदलल्यावर भाव बदलतो का, तेही त्यांनी पाहून घेतलं.

“‘शून्य फी’ लिहिलंय ना, तिथंच गोम आहे,” ते दोन बोटांनी स्क्रीन मोठी करत म्हणतात. “घ्यायला जा, भाव शंभर. त्याच मिनिटाला विकायला जा, अठ्ठ्याण्णव. मधले दोन कुठं गेले, सांगा बघू?” हे अगदी खरं आहे, आणि जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. शेठांची विद्या खोटी नाही, हे इथं नोंदवून ठेवायला हवं.

आडत्यानं दिवाळीला दिलेल्या डायरीत त्यांनी रकाने आखलेत. फी किती, फीवर 18 टक्के जीएसटी धरून किती, पैसे बँकेत परत घ्यायला किती, घेतलेलं नाणं स्वतःच्या वॉलेटमध्ये नेता येतं की नाही, फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आहे का आणि कस्टमर केअर फोन उचलतं का. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्या.

या डायरीनं बरेच पावसाळे पाहिले. एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांपासून दूर राहायला सांगितलं, तेव्हा ती माळ्यावर गेली. 4 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं, तेव्हा खाली आली. बायनान्सला पहिला नंबर दिला, तर डिसेंबर 2023 मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी एक्सचेंजेसना सरकारी नोटिसा निघाल्या. पुढं नोंदणी करून, दंड भरून बायनान्स परत आलं. शेठांनी खोडलेला नंबर पुन्हा गिरवला.

पण त्यांचा सुवर्णकाळ 18 जुलै 2024 ला सुरू झाला. वझीरएक्स या एक्सचेंजवर दरोडा पडला, सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी गेली, गिऱ्हाइकांचे पैसे अडकले ते वर्ष उलटून गेलं तरी अडकलेलेच होते. “मी म्हटलं होतं ना!” शेठ ज्याला त्याला सांगत सुटले. म्हटलं होतं हे खरंच. सगळ्याच एक्सचेंजेसबद्दल म्हटलं होतं. 19 जुलै 2025 ला कॉइनडीसीएक्समधून सुमारे 4.4 कोटी डॉलर गेले. तोटा कंपनीनं स्वतःच्या तिजोरीतून सोसला, गिऱ्हाइकांना झळ बसली नाही. शेठांनी मात्र डायरीत नवा रकाना आखला: ‘जुलै’.

करांचा रकाना नाही. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के आयकर, वर सेस, विकताना 1 टक्का टीडीएस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायचीही सोय नाही. “सगळीकडे सारखंच, मग तुलना कशाची करणार?” असा शेठांचा सवाल. वहिनी एकदाच म्हणाल्या, “अहो, पाव टक्क्यासाठी रात्र जागवताय, आणि तीस टक्क्यांचं नावही नाही?” त्या रात्री डायरी लवकर मिटली.

आता त्यांच्या चिकूचं ऐका. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच पट्ट्यातला शेठांचा माल मुंबईला जातो, भाव मागाहून कळतो. आडत, हमाली, तोलाई कापून आलेली पट्टी शेठ न वाचता खिशात घालतात. दुसऱ्या आडत्याकडे काय भाव निघाला, हे विचारलं तर दुखावतात. “आपला माणूस आहे तो!”

गुंतवणूक? पाचशे रुपये, तेही ‘प्रयोगापुरते’. लग्नाकार्यात पोरं विचारतात, “काका, कुठून घेऊ?” शेठ डायरी उघडतात, दोन्ही फोन काढतात, स्प्रेडपासून, म्हणजे त्या मधल्या दोन रुपयांपासून, सुरुवात करतात. पंगत उठते, पोरं पांगतात. तरी माणूस मोठ्या उपयोगाचा आहे. त्याचं ऐकून डहाणूत आजवर कुणाचा एक पैसा बुडालेला नाही, कारण त्याचं ऐकून अजून कुणी काही घेतलेलंच नाही.