माशी, मासा आणि साडभाऊ

डिसेंबर लागला की नागपुरात दोन गोष्टी उतरतात: थंडी आणि मंत्रिमंडळ. १९५३च्या नागपूर करारात वर्षातून एक तरी अधिवेशन इथं भरवायचं ठरलं, आणि सरकारनं त्यासाठी नेमका संत्र्यांचा हंगाम निवडला. मे महिन्यात अधिवेशन भरवायची हिंमत आजवर एकाही मुख्यमंत्र्याला झालेली नाही. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये दर चौकात पोलीस उभा असतो, मोर्च्यांनी रस्ते अडतात, हॉटेलात खोली मिळत नाही. जाणता नागपूरकर मग शहर आमदारांच्या ताब्यात देऊन पेंच, पचमढी, चिखलदऱ्याकडं सरकतो.

आमच्या साडभाऊंनी यंदा हिमाचल काढलं. तेही ट्राउट धरायला.

साडभाऊ पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. बालपण भंडारा जिल्ह्यातल्या तलाव-बोड्यांच्या काठी गेलेलं. बांबूची काडी, दोरा, गळ आणि कणकेची गोळी एवढ्या भांडवलावर त्यांनी रोहू-कतलापासून मरळीपर्यंत सगळं काढलेलं आहे, निदान सांगतात तरी तसं. पण निवृत्तीनंतर त्यांच्या हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये एक अमेरिकन. हा माणूस जानेवारीत, दोन्ही काठांवर बर्फ असताना, कंबरभर पाण्यात उभा राहायचा. काठीच्या कड्यांमध्ये गोठलेला बर्फ बोटांनी फोडायचा, तासाभरानं एक ठिपक्याठिपक्यांचा मासा काढायचा, त्याच्याकडं प्रेमानं बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा.

“सोडून देल्ला?” ताईंनी विचारलं. ताई म्हणजे साडभाऊंच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण. “मंग गेला कायले होता येवढ्या थंडीत?”

“तो खेळ असते. तुले नाही समजाचं.”

“समजते नं. घरी न्यायचा नसन तर बाजारात हात लावू नये, येवढं मले समजते.”

या प्रश्नाचं उत्तर साडभाऊंना प्रवासभर देता आलं नाही. तरी आम्ही चौघं निघालो. तामिळनाडू एक्स्प्रेस दुपारी नागपूर सोडते आणि सकाळी दिल्लीत पोचवते. सामानात अंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी, संत्रा बर्फी, ताईंनी गुपचूप घेतलेला सावजी मसाला आणि साडभाऊंची नऊ फुटी काठी. ती चार तुकड्यांत सुटते आणि लांबट नळीत मावते. डब्यातल्या लोकांनी ती नळी बासरी, नकाशे आणि दुर्बीण ठरवून झाल्यावर साडभाऊंनी ती उघडून दाखवली आणि अंधार पडेपर्यंत सगळ्या कंपार्टमेंटचा वर्ग घेतला.

गळाच्या नेहमीच्या मासेमारीत वजन असतं शिशाला किंवा आमिषाला. ते फेकलं की दोरा मागोमाग जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. आमिष म्हणजे पिसं आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन असं नाहीच. म्हणून दोरच जाड आणि जड करतात, आणि माणूस खरं तर दोर फेकतो. माशी नुसती त्याच्या टोकाला बसून जाते. ट्राउट पाण्यावर आलेले किडे टिपतो, त्यामुळं त्याला आपली माशी खरी वाटली पाहिजे. साडभाऊंनी डबी उघडली. आत पंचवीस-तीस रंगीबेरंगी माश्या ओळीनं टोचलेल्या. समोरच्या बर्थवरच्या आजींनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला.

“यात कोंबड्याच्या मानेचं पीस असते,” साडभाऊ म्हणाले.

“आपल्या मंगळवारीत कोंबडीवाला फुकट देते,” ताई म्हणाल्या. “केवढ्याले आणली डबी?”

साडभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काळोख होता.

दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या बसनं आम्ही पहाटे औटला उतरलो. मनालीचा रस्ता इथं जवळजवळ तीन किलोमीटरच्या बोगद्यात शिरतो. आपण मात्र बोगद्याच्या अलीकडं वळायचं आणि लारजीकडं जायचं, जिथं सैंज आणि तीर्थन या नद्या बियासला येऊन मिळतात. तिथून तीर्थनच्या कडेकडेनं बंजार, मग गुशैणी. पुढं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, २०१४ पासून जागतिक वारसा. नदी पाहिली आणि आम्ही नागपूरकर गप्प झालो. आमच्या गावालाही नदी आहे, गावाचं नावच तिच्यावरून पडलंय, पण तिच्याकडं बघताना आम्ही सहसा नाकावर हात ठेवतो. इथं तळाचा दगडन् दगड मोजता येत होता.

साडभाऊ मात्र गप्प राहिले ते हिशेब करत होते म्हणून. “येथी,” अरुंद खोऱ्याकडं बोट दाखवत ते म्हणाले, “एक बंधारा टाकला असता नं…”

आमच्या होमस्टेचा मालक गाडी चालवत होता. त्यानं आरशातून त्यांच्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आम्हाला इथंच उतरवतो. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प येऊ नयेत म्हणून या खोऱ्यातल्या लोकांनी लढा दिला आहे. इथले जुने आमदार दिलेराम शबाब यांनी तो पुढं नेला आणि ही नदी प्रकल्पांपासून मोकळी राखण्यात आली. गावात कुणालाही विचारा, तो हे अभिमानानं सांगतो. साडभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. तोतलाडोह धरणात अडवलेलं पाणी पिऊन वाढलेल्या शहरातून आलेल्या आणि आयुष्यभर पाणी अडवूनच पगार घेतलेल्या माणसानं याहून जास्त काय करावं?

संध्याकाळी शेकोटीपाशी त्यांनी थंडीचा विषय काढला. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात साडेतीन अंशांची नोंद झाली होती, हे ते अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ते तापमान यांनीच खाली आणलं. मालक नम्रपणे म्हणाला, “हमारे यहाँ रात को नल थोड़ा खुला छोड़ते हैं जी, नहीं तो पाइप में पानी जम जाता है.” साडभाऊंनी मान डोलावली. पण पस्तीस वर्षं पाण्याच्या गळतीवर टिपणं लिहिलेल्या माणसाला रात्री टपटप ऐकत झोप लागते होय? मध्यरात्री ते कानटोपी घालून उठले आणि घरातले सगळे नळ करकचून बंद करून आले. सकाळी नळाला एक थेंब पाणी नव्हतं. दुपारी उन्हानं पाइप सैल होईपर्यंत आम्ही तोंडं धुतली ती चुलीवर तापवलेल्या बादलीभर पाण्यात, घरमालकासह, आळीपाळीनं.

त्याच सकाळी साडभाऊंनी काठी जोडली आणि विचारलं, “तो, कौनसे स्पॉट पे जाना?”

“काहे के लिए जी?”

“ट्राउट.”

मालकानं हातातली बादली खाली ठेवली. “ट्राउट तो बंद है सर जी. पहली मार्च को खुलेगी.”

“बंद?” साडभाऊंनी दरीकडं हात केला. “नदी तो चालू है नं भाऊ!”

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. काश्मीरमध्येही हिवाळ्यात बंदच. इतकंच काय, जिथून हा छंद आला त्या इंग्लंडमधल्या नद्यांवरही ब्राउन ट्राउटला हिवाळ्यात सुट्टी असते. अमेरिकेत काही नद्या बारमाही खुल्या आहेत आणि साडभाऊंचा तो अमेरिकन अशाच एका नदीत उभा होता. पण व्हिडिओत हे सांगायला त्याला वेळ झाला नसावा. बंदीचं कारण साधं आहे. ब्राउन ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी उथळ पाण्यात शेपटीनं वाळू-खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. पाणी पाचएक अंशांचं असलं तर पिल्लं निघायला तीनेक महिने लागतात. अशा वेळी गळच काय, नुसते बूट घालून नदीत हिंडलात तरी पायाखाली अंडी चिरडतात.

मालकानं हे सगळं एका वाक्यात सांगितलं: “इस टाइम मछली के घर में डिलिव्हरी है जी.”

झालं. ताई तत्काळ पक्ष बदलून माशांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. “अहो, बाळंतिणीच्या दारात गळ घेऊन उभे राह्यता, काही वाटते का तुम्हाले?”

खरं तर बंद काळाचं आपल्याला नवल वाटायला नको. कोकणात १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर असतात. आमच्या पेंचमध्ये तोतलाडोहच्या मासेमारीचा वाद १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विस्थापित आदिवासी कुटुंबांचे ३०५ परवाने हा तिथं मुद्दा होता. पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते, तर हौसेसाठी माशी उडवणाऱ्यानं चार महिने थांबायला काय हरकत आहे? हे मी साडभाऊंना म्हणालो. ते म्हणाले, “परतीचं तिकीट पाहा.” ते आठवड्यानंतरचं होतं.

मालक माणूस दिलदार होता. त्यानं पक्कड घेऊन एका माशीचा गळ कापून टाकला, पिसांचा गोळा तेवढा ठेवला आणि आम्हाला नदीपासून दूर सफरचंदाच्या वाडीलगतच्या मोकळ्या शेतात नेलं. फेकायला तर शिका, मासा मार्चमध्ये बघू. काठी मागं न्यायची, दोर मागं पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं, मग पुढं. घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर हात दहा आणि दोनच्या मध्ये. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. आणि साडभाऊंना तेवढंच जमत नव्हतं. सरकारी नोकरीत सगळ्या फाइली थांबवल्या, आता मी थांबणार नाही, असा त्यांचा एकंदर पवित्रा दिसला.

दोर हवेत चाबूक कडाडावा तसा वाजला. पहिल्या तडाख्यात त्यांची स्वतःचीच कानटोपी गेली. मग सफरचंदाची निष्पर्ण फांदी. मग वाळत घातलेला लोकरी पट्टू, तो दोरीसकट. शेजारच्या गोठ्यातली गाय उठून आत गेली. संध्याकाळी पाहतो तर साडभाऊ वहीत खात्याच्या एम.बी.त, म्हणजे मोजमाप-वहीत, नोंदी कराव्यात तसं लिहीत होते: कानटोपी, नग १, पकडून सोडली. फांदी, नग १, सोडली. पट्टू, नग १, मालकिणीनं हिसकावून घेतला.

ट्राउटची गंमत अशी की तोही इथला नाही. साहेबाला उन्हाळ्यात डोंगरावर गळ टाकायचा होता आणि ओळखीचा मासा सापडेना, म्हणून त्यानं तो विलायतेहून मागवला. काश्मीरसाठी पाठवलेली पहिली अंडी वाटेतच मेली. १९०० साली फ्रँक मिचेल या गालिचे बनवणाऱ्या गृहस्थानं स्कॉटलंडहून आणवलेली जगली. कुल्लूत १९०९च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं ती आणून वाढवली. रेनबो ट्राउटचं माहेर तर त्याहून लांब, अमेरिकेचा पश्चिम किनारा. पुढं कुल्लूतल्याच पतलीकूहलला नॉर्वेच्या मदतीनं त्याची शेती सुरू झाली. मग हा मासा आमच्या अंबाझरी तलावात का नाही सोडला, असं ताईंनी विचारलं. इथं मात्र साडभाऊंचं खातं कामाला आलं. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागं अकराएक मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसात. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव कासावीस होतो.

“म्हणजे तो मे महिन्यात वारला असता,” ताई म्हणाल्या.

“मार्चमध्येच,” साडभाऊ म्हणाले.

मासा खायचा तर बंदीतही वाट आहे. खोऱ्यात ट्राउटची शेतं आहेत. सिमेंटच्या लांबट हौदांतून नदीचं पाणी सतत वाहतं ठेवतात आणि त्यात रेनबो ट्राउट वाढवतात. हौदवाल्यानं जाळी घातली, दोन मासे काढले, तोलले, साफ करून दिले. माशी नाही, दहा आणि दोन नाही, पाच मिनिटांचं काम. साडभाऊ काठी घेऊन बाजूला उभे होते. हौदवाल्यानं त्यांना विचारलं, “ये क्या है जी?”

रात्री स्वयंपाकघरात तह झाला. एक मासा मालकाच्या आईनं मीठ, हळद लावून मोहरीच्या तेलात तळला. दुसरा ताईंनी सावजी रश्शात सोडला. तळलेला मऊ, हलका आणि फार चांगला होता. हा मासा असाच खावा. रश्शातला कसा होता हे सांगणं अवघड आहे, कारण सावजी रश्शात कोंबडी, अंडं आणि ट्राउट यांच्यात भेदभाव होत नाही. मात्र बाहेर पारा शून्याखाली असताना मालकाच्या कपाळावर घाम आला आणि त्यानं अंगातलं जॅकेट काढून ठेवलं. ताईंनी उरलेला मसाला त्याच्या आईला ठेवून दिला. तो त्या घरात सरपणाऐवजी वापरला जात असेल, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा तीर्थनवर खरंच माशी उडवायची असेल तर डिसेंबरचं तिकीट काढू नका. मार्च-एप्रिल चांगले. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून पाणी गढुळतं, मग पावसाळा लागतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत पुन्हा संधी आहे. परवाना मत्स्य विभागाकडून आधी घ्या. आणि हिवाळ्यातच जायचं असेल तर खुशाल जा, तळलेला ट्राउट खा, पण रात्री नळ टपटपत असला तर टपटपू द्या.