बिनपत्त्याच्या दात्यास

श्रीमंत राजमान्य राजेश्री, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या नाल्यात पाणी सोडणारे अनामिक कारखानदारसाहेब यांचे चरणी दाभोळ खाडीकाठच्या एका मासेखाऊ माणसाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

प्रथम आपल्या विनयाबद्दल आभार. हल्ली देवळाला पंखा दिला तरी पात्यावर नाव रंगवतात. आपण एवढं देता, तेही रात्री, मुसळधार पावसात (असं आमची भोई मंडळी म्हणतात), आणि नाव कुठेच नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्रही सामुदायिक, त्यामुळे पुण्य नेमकं कुणाच्या खाती मांडावं हे चित्रगुप्तालाही उमगू नये.

कोतवली गावच्या नदीचं नाव सोनपात्रा. सोनं आम्ही कधी पाहिलं नाही. पण पारा, शिसं, कॅडमियम आपण धाडत असाल, तर तेही आम्हाला दिसायचं नाही. रंग दिसतो, वास येतो; हे पाहुणे मात्र पाऊल न वाजवता येतात.

मासे मरून तरंगले की साहेब लोक येतात, बाटल्या भरतात, पंचनामा होतो. मेलेल्या माशाची केवढी विचारपूस! जो मेला नाही तो मुकाट पाटीत येतो. त्याचा पंचनामा आम्ही करतो, तिरफळ घालून.

तिसऱ्या आणि कालवं तर दिवसभर पाणी गाळत बसतात. आपल्या केंद्राचं राहिलेलं काम बिचारी फुकट करतात, आणि गाळलेलं स्वतःकडे ठेवतात. पारा गाळातून किड्यात, किड्यातून कोलंबीत, कोलंबीतून मोठ्या माशात जातो. दर पायरीला वाढत जातो. शेवटच्या पायरीवर मी ताट घेऊन बसलेला. धुवा, उकळा, वर चार आमसुलं टाका, धातू हलत नाही. कॅडमियम मूत्रपिंडात वीस-वीस वर्षं मुक्काम करतो. पारा आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो. पोरांसाठी इतकं टिकाऊ आम्ही काही ठेवलं नव्हतं हो.

बोयसारख्या माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा चालतो, असा कायदा आहे. बाजारातल्या मावशीकडे तराजू आहे, पण तो अर्ध्या किलोच्या खाली बोलत नाही.

मिनामाताचं नाव आपण ऐकलंच असेल. त्या जपानी खाडीवर आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली. मग माणसांचे हातपाय वाकले. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि चिस्सो कंपनीने पारा सोडणं थांबवलं १९६८ साली. बारा वर्षं! काय तो धीर! आम्हीही मांजरांवर लक्ष ठेवून आहोत.

आपल्या रोजगारनिर्मितीचंही कौतुक राहिलंच. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीच्या २०११च्या अहवालात हिशेब आहे: लोट्यात काम मिळालं ११,००० जणांना, खाडीवर गेलं २०,००० मच्छीमारांचं. उन्हातान्हात जाळी ओढण्यातून सोडवलंत. कुणी आभार मानायला घोळक्याने येऊन आपला खोळंबा करू नये, याचीही सोय होती. त्याच अहवालानुसार २००७ ते २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी होती.

म्हणून एकट्यानेच लिहितो आहे. लोभ आहे तो कमी व्हावा, ही विनंती.

ता. क. आपला पत्ता ठाऊक नाही, म्हणून पत्र भरतीच्या पाण्यात सोडतो आहे. माल ज्या वाटेने खाली येतो, त्याच वाटेने वर येईल. भिजलेलं असेल. हातमोजे घालून उघडावे.