नानांची जर्मन

मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला लागला की पुण्यातल्या काही बापांना जर्मन होते. पावसाळ्यात पडसं व्हावं तशी. आमच्या नानांना झाली.

मॅक्स म्युलर भवनात जाऊन मास्टर्सला निघालेल्या पोरांच्या शेजारी डेर-डी-डास घोकायला त्यांची तयारी नव्हती. ‘व्याकरण परीक्षेला, प्रवासाला बोली!’ असं म्हणून त्यांनी शंभर पानी वही आणली. भाच्यापुतण्यांकडून, मुलाकडून फोनवर जे जे कानी पडेल ते देवनागरीत उतरवलं. ‘च्यूस’च्या पुढे सूचना : ओठ ऊचे, जीभ ईची. नोकरीत चाकणला मशीन बसवतानाही ते अशाच सूचना लिहीत.

मग सराव. तो अर्थातच घरच्यांवर.

‘‘आमटीत मीठ कमी आहे का हो?’’

‘‘गेनाउ!’’

‘‘म्हणजे घालू की नको?’’

हॉटेलात ‘श्टिम्ट झो’ म्हणून त्यांनी उरलेले पैसे वेटरला ठेवायला सांगितले. एरवी दोन रुपये सुटे मिळेपर्यंत गल्ल्यासमोरून न हलणारा हा माणूस! वेटरला कळलं नाही, त्याने पैसे परत आणून दिले. नानांनी ते घेतलेही.

हॅम्बुर्गला पोचल्यावर मात्र नाना सुटलेच. तिकडे नमस्काराला ‘मॉइन’ सकाळी चालतं, रात्रीही चालतं. ‘मॉइन मॉइन’ म्हणणारा बोलघेवडा, असा तिथला विनोद आहे. नानांचं दोन मॉइनवर कुठलं भागायला! बेकरीत शिरताना ‘‘मॉइन मॉइन! ना? आलेस क्लार?’’ एवढा मारा. काउंटरवरच्या बाईंना वाटलं, आजोबा इथलेच. त्यांनी घडाघडा काहीतरी सांगितलं. नानांनी वहीतलं ठेवणीतलं काढलं, ‘‘इष फेरश्टेहे नुअर बानहोफ.’’ मला फक्त ‘स्टेशन’ कळतंय, म्हणजे ओ की ठो कळत नाहीये. बाई खो खो हसल्या आणि दालचिनीच्या फ्रांत्सब्र्योटशेनबरोबर एक पावही पिशवीत टाकला. तो फुकटचा पाव नाना अजून सांगतात.

मुलाचा जीव मात्र टांगणीला. बोलीभाषेच्या वहीत सगळं ‘डू’चं, म्हणजे अरेतुरेचं. पुण्यात रिक्षावाल्यालाही ‘अहो’ म्हणणारे नाना भुयारी रेल्वेत तिकीट तपासनिसाला ‘डू’ म्हणाले.

‘‘बाबा, ‘झी’ म्हणा हो! विनातिकिटाला साठ युरो दंड करतो तो!’’

‘‘पण तिकीट आहे ना माझ्याकडे?’’

मुलाच्या साहेबांच्या घरी जेवताना बटाट्याचं सॅलड तोंडात घालून नाना खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘गाइल!’’ तिथली तरुण पोरं ‘भारी’ या अर्थाने हे सर्रास म्हणतात. मूळ अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. साहेबांच्या मुलीला ठसका लागला. साहेबांच्या सासूबाईंनी नानांना आणखी वाढलं. त्या रात्री मुलाने वही लपवली. पण म्युनिकच्या गाडीत बसेपर्यंत ‘सेर्वुस’ आणि ‘ग्र्यूस गॉट’ नानांच्या तळहातावर लिहिलेले होते.

परत आल्यापासून त्यांची शिकवणी सुरू आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंची लेक स्वित्झर्लंडला गेल्याचं कळताच नाना गुडघे धरून दोन जिने चढले.

‘‘वहिनी, तिथे मॉइन चालायचं नाही हं. ‘ग्र्युएत्सी’ म्हणायचं.’’

‘‘अहो भावजी, ती जिनिव्हाला आहे. तिथे फ्रेंच बोलतात.’’

नाना क्षणभर थांबले. मग जिन्यातूनच खाली ओरडले, ‘‘अगं, एक कोरी वही पाठव गं वर!’’